दुपारी बंद पडणारं पाण्याचं यंत्र

समुद्रावरून परत आलो त्याला आता महिना होईल. तरी फवारणीपंप घेऊन दुकानात आलेला माणूस पंप खाली ठेवायच्या आधी विचारतो, "काय दशरथभाऊ, बोटीवर म्हणं लई उलट्या केल्या?" ही बातमी कोणी पसरवली ते मला ठाऊक आहे. पसरवणारी शेजारीच बसून ऑइल सील, म्हणजे पंपांतल्या गळती रोखणाऱ्या रबरी चकत्या, निवडत असते आणि मान वर करत नाही. उलट्या केल्या हे खरं. पण त्यापलीकडेही बरंच घडलं आणि ते दर गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सांगता सांगता घसा बसला. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आमचं दुकान नारायणगावला, बसस्टँडच्या मागे. द्राक्षबागांचे फवारणीपंप दुरुस्त करायचे आणि ठिबकचं सामान विकायचं, हा धंदा. मी आणे गावचा, म्हणजे पठारावरचा. आमच्याकडे पाणी बघायला माणूस विहिरीत वाकतो. बायको कमल आंबेगाव तालुक्यातली, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडची. तिच्या माहेरी जायचं तर अर्धी वाट लाँचने जावं लागतं. लग्नानंतर तीन-चार वर्षांत तिने दुकानात बसता बसता हातात पाना घेतला. आज अशी स्थिती आहे की पंप उघडून दोष सांगायचा मी आणि सील बसवायचे तिने, कारण तिने बसवलेला सील दोन हंगाम गळत नाही.

नाईकसाहेब आमचे जुने गिऱ्हाईक. जन्मभर मोठ्या जहाजांवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर मंचरजवळ द्राक्षाची बाग घेतली आणि मुंबईला एक शिडाची बोट. बाग बायकोच्या हौसेची, बोट त्यांच्या स्वतःच्या. यंदा, म्हणजे दोन हजार चारच्या फेब्रुवारीत, ते दुकानात आले. फवारण्या संपल्या होत्या, आम्ही तसे मोकळेच होतो.

"दशरथ, माझ्या बोटीवर एक यंत्र आहे," ते म्हणाले. "समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करतं. आत तीन पिस्टनचा पंप, तुमच्या फवारणीपंपासारखाच, फक्त दाब जास्त. तो पाणी एका बारीक पडद्यावर दाबतो. मीठ अलीकडे राहतं, गोडं पाणी पलीकडे जातं. सकाळी झकास चालतं. दुपारी बंद पडतं."

"कंपनीची माणसं?"

"तीनदा येऊन गेली. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तपासतात, तिथे ते चालतं. सही घेतात आणि जातात."

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी चहा झाल्यावर सांगितली. त्यांना बोट लक्षद्वीपला न्यायची होती. वाटेत चार दिवस जमीन नाही आणि बेटांवर गोड्या पाण्याची टंचाई. त्यांच्या मंडळींनी, म्हणजे माधवीताईंनी, अट घातली होती. आधी मुंबई ते गोवा जायचं आणि वाटेत किनाऱ्यावरचं थेंबभर पाणी घ्यायचं नाही. यंत्राने पाजलं तर लक्षद्वीप. नाही पाजलं तर गोव्यातच बोट विकायची.

"ती चुकीचं बोलत नाही," साहेब म्हणाले. "मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मधल्या समुद्रात पाणी संपलं तर कोणाला हाक मारणार?"

मी म्हणालो, "येतो." मागून कमल म्हणाली, "आमी येतो."

मुंबई ते मुरूड

बोटीचं नाव 'मैना'. बाहेरून बघताना वाटलं, हिच्यात पाच माणसं मावणार कशी? आत गेल्यावर कळलं की नीट मावत नाहीतच. ओटा, मोरी, टेबल, झोपायच्या फळ्या, सगळं एस.टी.च्या निम्म्या जागेत. फळीला बाहेरून कापड बांधलेलं, झोपेत माणूस खाली पडू नये म्हणून. माझी फळी उजव्या अंगाला. तिच्या पायथ्याशी एका झाकणाखाली ते यंत्र. डाव्या अंगाला स्वयंपाकाचा ओटा आणि भांडी घासायचं सिंक.

माधवीताई सोबत होत्याच; बोट चालवायला साहेबांबरोबर हर्णैकडचे महादेव तांडेल होते. साठीचे, काळेभोर, कमी बोलणारे. पहाटे निघताना त्यांनी समुद्राला नारळ वाहिला. मला वाटलं फोडतील. त्यांनी तो अख्खाच हळूच पाण्यात सोडला, पाळण्यात मूल ठेवावं तसा. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात, कारण पाणी नवं असतं. इथे पाणी आधीपासूनच मालक आहे, त्याच्यापुढे आवाज करायचा नसतो, असं मला वाटून गेलं.

सकाळी जमिनीकडून गार वारा होता. शिडं भरली आणि इंजिन बंद झालं. त्या शांततेत बोट पुढे सरकू लागली तेव्हा कमलने माझा दंड धरला. "अवो, कायच आवाज न्हाई!" आम्ही दोघं इंजिनांच्या आवाजात जगणारी माणसं. बिनआवाजाचं चालणं आम्हाला नवं होतं.

बंदरातलं तेलकट पाणी मागे पडल्यावर साहेबांनी यंत्र चालू केलं. मी झाकण उघडून बसलो. खरंच आमच्या पंपाचाच धाकटा भाऊ! दाबाचा काटा सुरेख चढला. बारीक नळीतून पाण्याची करंगळीएवढी धार आली. साहेबांनी ती आधी बादलीत सोडली. चव बघितली, मग एक तोटी फिरवून धार टाकीकडे वळवली.

"हा नियम लक्षात ठेवा," ते म्हणाले. "दाब कमी झाला की पाणी खारट यायला लागतं. म्हणून आधी बादली, मग चव, मग टाकी."

दुपारी वारा फिरला. आता तो समुद्राकडून यायला लागला आणि चांगला जोरात. तासाभरात पंपाचा आवाज बदलला. काटा थरथरला, पडला आणि यंत्र आपोआप बंद झालं. ऊन रणरणत होतं. मोटर हाताला गरम लागली. मी म्हणालो, "साहेब, गरम होऊन सील सैल पडतात. उघडतो."

झाकणाखाली डोकं घालून, डिझेलच्या वासात मी पंप उघडला. बोट खालीवर, डोकं खालीवर. तीन सील बदलून झाले तेव्हा माझ्या पोटातून पहिली सूचना आली. दुसरी यायच्या आत मी वर पळालो. तांडेलांनी मला मागून धरलं आणि शांतपणे म्हणाले, "वाऱ्याच्या बाजूला नाय, या बाजूला." तेवढंच शिक्षण मला त्या दिवशी मिळालं.

संध्याकाळी मुरूडजवळ नांगर टाकला. जंजिरा किल्ला पाण्यात बसलेला दिसत होता. आमचे किल्ले चढून जायचे, हा वल्हवत जायचा. कमलने सोबत आणलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना वाढली. मी फक्त पाहिलं.

मुरूड ते दाभोळ

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र असं चाललं की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझंही पोट ताळ्यावर होतं. मी छाती काढून सांगायला लागलो, "सीलच होते बघा. कंपनीच्या पोरांना काय कळतंय?" कमल म्हणाली, "सकाळी ते तसंबी चालतंच. दुपार व्हऊ द्या की." मी तिला गप्प बसवलं. चारचौघांत बसवलं, हे आज लिहिताना टोचतं.

धार गोड होती. मी स्वतः तोटी टाकीकडे वळवली.

दुपारी वारा फिरला, 'मैना' कलली आणि माझं पोटही कललं. मी फळीवर आडवा झालो. पंपाचा आवाज बिघडलेला ऐकू येत होता, पण उठायची ताकद नव्हती. तेवढ्यात ओट्याकडून माधवीताई ओरडल्या, "अरे, सिंकमधून पाणी वर येतंय!" समुद्र सिंकच्या भोकातून आत येत होता. सोबत सकाळच्या भांड्यांची खरकटी, कांद्याची सालं, भाताची शितं. सिंक भरून सांडलं आणि सगळी घाण जमिनीवर पसरली. तांडेलांनी धावत येऊन निचऱ्याच्या पाइपची चावी, म्हणजे कॉक, फिरवून बंद केला. कमल आणि ताई गुडघ्यांवर बसून पुसत राहिल्या.

पुसून झाल्यावर ताईंनी पेला भरला, एक घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून माझ्याकडे पाहिलं. मग थुंकला.

"टाकी खारट झालीय."

माझ्या लक्षात आलं. तोटी दिवसभर टाकीकडेच होती. दाब पडल्यावर यंत्र बंद होईपर्यंत खारट पाणी गोड्यात मिसळत राहिलं होतं. आता पिण्याजोगे उरले ते फक्त मुंबईहून भरून आणलेले वीस लिटरचे दोन कॅन.

संध्याकाळी दाभोळच्या खाडीत नांगर पडला तेव्हा समोर गाव दिसत होतं, विहिरी असतील, नळ असतील. ताई साहेबांजवळ येऊन बसल्या. बोलल्या अगदी हळू. "शरद, मला तुझी हौस मोडायची नाहीये. पण हे गाव समोर आहे म्हणून आपण निवांत बसलोय. मधल्या समुद्रात असं झालं असतं तर?" साहेबांनी मान हलवली. "उद्याचा एक दिवस दे. उद्या दुपारी पुन्हा बंद पडलं तर रत्नागिरीला उतरू आणि तिथूनच बोट विकायची बोलणी करू."

मी फळीवर पडून सगळं ऐकत होतो. कोणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

कमल पाण्याचा अर्धा पेला घेऊन आली. "घ्या. सावकाश."

"कमल, मी चुकलो. तोटीचंबी आन् तुला बोललो त्येबी."

"व्हय," ती म्हणाली. "आता ह्ये प्या."

रत्नागिरीच्या अलीकडे

तिसऱ्या दिवशी मी उठलोच नाही. साहेब आणि कमल यंत्रापाशी बसले. सकाळी ते नेहमीप्रमाणे चाललं, धार बादलीतच ठेवली होती. वर तांडेल ओरडले, "डॉल्फिन! डॉल्फिन!" सगळे बघायला गेले. मी फळीच्या कापडाकडे बघत राहिलो.

पण आडव्या माणसाला एक गोष्ट कळते, जी उभ्याला कळत नाही. सकाळभर मी भिंतीला चिकटून होतो, कारण बोट उजवीकडे, समुद्राकडे कललेली होती. वारा जमिनीकडून, म्हणजे कल समुद्राकडे. दुपारी वारा फिरला तसा मी हळूहळू भिंतीपासून सुटलो आणि घरंगळत कापडावर येऊन टेकलो. बोट आता डावीकडे, जमिनीकडे कलली होती. आणि त्याच क्षणी पायथ्याचा पंप खरखरला.

मी डोळे मिटले. पंपाचा आवाज मला डोळे मिटून जास्त कळतो. एक जोराचा झोत आला, मी कापडात रुतलो, पंप खरखरला आणि पलीकडे सिंकखालच्या बंद कॉकाशी गुडगुड झालं. झोत ओसरला, बोट सरळ झाली, पंपाचा आवाज भरला. पुन्हा झोत, पुन्हा खरखर, पुन्हा गुडगुड. असं सात-आठ वेळा ऐकलं. आण्याच्या पठारावर चढावर टाकलेल्या ठिबकच्या पाइपमध्ये हवा अडकली की पंप हीच भाषा बोलतो. ही खरखर उष्णतेची नव्हती. पंप हवा ओढत होता!

"कमल!" मी ओरडलो. "पंपाला हात लाव! गरम हाय का गार?"

तिचा हात आधीच तिथे होता. "गारच हाय. मी कवाची साहेबास्नी तेच सांगतीय. मोटर गरम हाय, पंप न्हाई."

"उनानं न्हाई व्हत! कलल्यानं व्हतंय! साहेब, ह्याचं पाणी आत येतं ते भोक कुठल्या अंगाला?"

साहेबांनी आधी उजव्या भिंतीकडे पाहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "उजव्या. पाण्याखाली फार तर हातभर."

"आन् सिंकचं?"

"डाव्या."

तांडेल वर उजव्या कठड्यावरून पालथे होऊन खाली वाकले. बोट डावीकडे कलली तशी उजवी बाजू उचलली गेली. त्यांचा आवाज आला, "भोक वर येतंय ओ! हवा खातंय, परत बुडतंय!" आजवर कोणी, कधीही, त्या भोकाकडे चालत्या बोटीतून पाहिलं नव्हतं. धक्क्यावर बोट सरळ उभी असते, तेव्हा ते पाण्याखाली असतं. सकाळी कल समुद्राकडे, तेव्हा ते आणखी खोल जातं. दुपारी ते उघडं पडायचं आणि त्याच वेळी डावीकडचं सिंकचं भोक खोल बुडून समुद्र आत ढकलायचं. दोन रोग नव्हतेच. एकच कल होता.

कळणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. चालत्या बोटीच्या तळाला नवं भोक पाडता येत नाही. साहेब म्हणाले, "इंजिन थंड ठेवायला पाणी घेतो, ते भोक बरोबर मध्यावर आहे. तळाशी, खोल. बोट कशीही कलली तरी ते बुडालेलंच राहतं. शिडावर असताना इंजिन बंदच असतं. त्या पाइपवर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून यंत्राला पाणी घेता येईल. पण पाइप इंजिनाच्या मागे आहे. माझे खांदे तिथे शिरत नाहीत."

माझे शिरले असते, पण मला उभं राहता येत नव्हतं.

कमलने पदर खोचला. "मी जाते."

साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं, "आधी तळाचा कॉक पूर्ण बंद करायचा. तो बंद नसताना पाइप कापला तर समुद्र आत येईल. थांबवता येणार नाही."

तिने डोळ्यात डोळे घालून विचारलं, "कॉक बंद झाला, ह्ये कसं कळंल?"

"क्लिप सैल करून पाइप जरासा ओढायचा. पाणी थांबलं तर बंद. येतच राहिलं तर परत दाबून बसवायचा आणि ओरडायचं."

ती बॅटरी तोंडात धरून आत गेली. बाहेर फक्त तिच्या टाचा दिसत होत्या. कॉकचा दांडा जाम होता. दोनदा पाना निसटल्याचा आवाज आला, एकदा तिने कोणाला तरी शिवी दिली, बहुतेक कॉकला. मी फळीवरून उतरलो, सरपटत तिच्या टाचांपर्यंत गेलो आणि एका हातात बादली धरून तिला एकेक वस्तू देत राहिलो. बादली माझ्यासाठी होती.

"बंद झाला," ती आतून म्हणाली. "क्लिप सैल करतीय."

मी बादली बाजूला ठेवून कान लावला. पाण्याचा छोटा फवारा उडाल्याचा आवाज आला, मग ठिबकायला लागलं, मग काहीच नाही.

"थांबलं!"

मी माझ्या पेटीतली ठिबकची प्लॅस्टिकची टी काढली. साहेबांनी ती हातातून घेतली. "पाण्याच्या पातळीखाली प्लॅस्टिक नाही. तुटली तर बुडू." मग फवारणीपंपाची पितळी टी सापडली, तिन्ही तोंडांना खाचा असलेली. माधवीताईंनी किटलीत समुद्राचं पाणी तापवलं. पाइपचं टोक त्यात मऊ केलं की तो पितळेवर चढतो आणि गार झाला की घट्ट बसतो. ही युक्ती त्यांना कमलने शिकवली. साहेबांनी जुन्या भोकाचा कॉक बंद केला, टीच्या तिसऱ्या तोंडाला यंत्राचा पाइप जोडला गेला आणि प्रत्येक जोडाला दोन-दोन क्लिपा बसल्या. तासभर ती आत होती. बाहेर आली तेव्हा कोपर सोललेलं, केसांना ग्रीस, आणि तोंडावर जे काही होतं त्याला मी आजवर नाव देऊ शकलेलो नाही.

"कॉक उघडते," ती म्हणाली. परत आत शिरून तिने तो उघडला. मी दिलेला कोरडा कागद तिने जोडावर फिरवला. कागद कोरडाच राहिला.

सिंकचं काम त्या मानाने सोपं होतं. निचऱ्याचा पाइप मध्ये झोळीसारखा लोंबत होता, त्यात महिन्यांचं तूप आणि भात साचलेला. कमलने तो काढून समुद्रात धुतला, दोरीने वर बांधून उतार सरळ केला आणि पेटीतला एक उलटझडपेचा व्हॉल्व्ह त्यात बसवला. पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही. सिंकच्या तोंडावर जाळी टाकली. ताईंना सांगितलं, "ताई, झडपीत शीत आडकलं तर ती लागायची न्हाई. खरकटं आधी डब्यात, मग भांडं हितं." ताई म्हणाल्या, "हो बाई." साहेब हसले, कारण ताईंना असं कोणी सांगितलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुपारचे चार वाजले असतील. वारा जोरात, बोट डावीकडे कललेली. साहेबांनी यंत्र सुरू केलं. काटा चढला. थांबला. हलला नाही. पंप अगदी भरल्या आवाजात चालत होता. साहेब वर गेले आणि शीड आणखी ओढलं, मुद्दाम. 'मैना' इतकी कलली की टेबलावरचा चमचा घरंगळला. काटा जागेवर. तांडेल कठड्यावरून ओरडले, "जुनं भोक पूर्ण हवेत हाय! पूर्ण!" पंप आपल्याच नादात.

धार बादलीत पडत होती. ताईंनी पेला खाली धरला. प्यायल्या. पुन्हा धरला, पुन्हा प्यायल्या. मग पेला साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "रत्नागिरी राहू दे मागे. पुढे चला."

तांडेलांनी डोक्यावरचा पंचा काढून वर फिरवला. मी कमलकडे पाहिलं. ती यंत्राशेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि रडत होती, हसत होती, मला काही कळेना. मी म्हणालो, "सील तू बसवले असते तर पहिल्याच दिवशी तुला कळलं असतं." ती म्हणाली, "न्हाई ओ. मी आडवी पडले नसते, मला आवाज ऐकू आला नसता." एवढं न्यायाने बोलणारं माणूस मला दुसरं ठाऊक नाही.

देवगडपासून गोव्यापर्यंत

खारट टाकी उपसून धुतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गोड्या पाण्याने भरली. भरून नळीतून सांडायला लागली तेव्हा साहेब लहान मुलासारखे सांडू देत उभे राहिले. मग त्यांनी जाहीर केलं, प्रत्येकाला एक पूर्ण बादली, आंघोळीला. तीन दिवस आम्ही ओल्या फडक्याने तोंड पुसत होतो. अंगावरचं मीठ खरवडलं तर भाजी झाली असती. चादरी आडव्या बांधून पाळीपाळीने आंघोळी झाल्या. मी बादली डोक्यावर ओतली आणि त्या क्षणी माझी मळमळ गेली. डॉक्टर काहीही म्हणोत.

देवगडपुढे एक मासेमारी होडी जवळ आली. आतल्या माणसाने रिकामा कॅन हलवला. "पाणी हाय काय?" समुद्रावर ही मागणी कोणी नाकारत नाही, तांडेल म्हणाले. कमलने नळी थेट त्यांच्या कॅनमध्ये धरली. त्याने विचारलं कुठल्या बंदराचं. "हितलंच," ती खाली समुद्राकडे बोट दाखवून म्हणाली. तो हसला, मग ओंजळीत घेऊन प्यायला, मग हसायचा थांबला. त्याने सोबत्यालाही पाजलं. जाताना त्यांनी एक अख्खी सुरमई आमच्यावर फेकली, नाही म्हणायची संधी न देता.

सुरमई तांडेलांनी केली. त्याच दिवशी कमलने मासवडी केली. बेसनाच्या वडीत तीळ, खोबरं, खसखशीचं सारण भरून, माशासारखी लांब वळून कापायची, वर झणझणीत रस्सा. आमच्याकडे पाहुण्याला हीच करतात. तांडेलांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा उलटसुलट करून पाहिला. "यात मासा कुठे हाय?"

"नावात," कमल म्हणाली.

त्यांनी तीन वेळा रस्सा घेतला आणि शेवटी कबूल केलं की काटे काढायला लागत नाहीत हे सोयीचं आहे. मीही त्या दिवशी पोटभर जेवलो. रस्सा समुद्रातून काढलेल्या पाण्याचा होता. ज्या पठारावर पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं, तिथल्या माणसाने ते खाऱ्या समुद्रातून काढून रश्श्यात घालावं, याचं मला जेवताना फार अप्रूप वाटलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या उन्हात गोव्याला नांगर टाकला. टाकी काठोकाठ भरलेली, दोन्ही कॅन भरलेले, सिंक कोरडं. माधवीताईंनी वहीत लक्षद्वीपच्या प्रवासाला लागणाऱ्या सामानाची यादी लिहायला घेतली. सगळ्यात वर लिहिलं, "पितळी टी, दोन जास्त." साहेब त्या वहीकडे मन लावून बघत राहिले.

शेजारी एका परदेशी जोडप्याची बोट उभी होती. साहेबांनी कठड्यावरून त्यांना सगळी हकिगत सांगितली असावी, कारण थोड्या वेळाने तो उंच, भाजलेल्या नाकाचा माणूस छोट्या होडीतून वल्हवत आमच्यापाशी आला. साहेबांशी इंग्रजीत बोलला. साहेब माझ्याकडे वळले.

"त्याचंही पाण्याचं यंत्र तीन आठवडे बंद आहे. विचारतोय, तुमचा मेकॅनिक येईल का बघायला?"

मी उठायला लागलो. साहेबांनी हात पुढे केला होता, पण माझ्याकडे नाही. त्यांनी त्या माणसाला कमल दाखवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, नऊवारीचा खोचलेला पदर, सोललेलं कोपर, आणि तसाच होडीत उभा राहून मान लववून तिला हात दिला. कमल एका पावलात खाली उतरली. होडी हलली, ती हलली नाही. वर बघून मला म्हणाली,

"अवो, बघत काय ऱ्हायला? पाने घ्या आन् चला."

मी पेटी उचलली आणि तिच्या मागे उतरलो.